लर्निंगपासून पक्क्या लायसन्सपर्यंत : आरटीओच्या परीक्षेत डोळे तपासतं कोण?

लायसन्स काढायला निघालेला माणूस ठरलेलेच प्रश्न विचारतो. लर्निंगला कुठले प्रश्न येतात, ट्रॅकवर आठ कसा काढायचा, आणि सगळं मिळून किती दिवस लागतात? डोळ्यांबद्दल फार थोडे लोक विचारतात. त्यांचाही प्रश्न एवढाच असतो की चष्मा असला तर चालतो का. चालतो. महाराष्ट्रातल्या लायसन्स सेवेचं हे परीक्षण तरीही डोळ्यांपासूनच सुरू करावं लागतं, कारण पोर्टल, लेखी परीक्षा, ट्रॅक या सगळ्यांत गेल्या काही वर्षांत सुधारणा झाली आणि सर्वांत कच्चा दुवा तेवढा तसाच राहिला.

निकाल आधीच सांगून टाकतो. लायसन्सचे अर्ज ज्या सरकारी वेबसाइटवर भरतात त्या सारथी पोर्टलला पाचपैकी साडेतीन. लर्निंगच्या परीक्षेला तीन. ट्रॅक नीट आखलेला असेल आणि इन्स्पेक्टर नियमाने वागत असेल तर चार. दृष्टीच्या तपासणीला एक, तोही नियम मुळात चांगला लिहिलेला आहे म्हणून.

नियम काय मागतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि केंद्रीय नियम १९८९ चे. अर्जासोबत नमुना १ द्यावा लागतो. हे स्वतःच्या प्रकृतीबद्दल स्वतःच केलेलं जाहीर निवेदन. फिट येते का, चक्कर येऊन शुद्ध जाते का, हातापायात काही दोष आहे का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, असे त्यातले प्रश्न आहेत. डोळ्यांचा मुख्य प्रश्न असा : चांगल्या उजेडात, २५ मीटर अंतरावरून, प्रत्येक डोळ्याने, चष्मा लागत असेल तर तो लावून, मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का?

वय ४० च्या आत असेल आणि गाडी खासगी असेल तर एवढ्या निवेदनावर काम होतं. चाळिशी ओलांडलेल्यांना, आणि टॅक्सी, रिक्षा, ट्रक, बस अशा परिवहन वाहनाचं लायसन्स हवं असणाऱ्यांना वयाची अट न ठेवता, नमुना १-अ लागतो. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र.

याचा अर्थ असा की अठरा ते चाळीस या वयातल्या खासगी वाहनचालकाचे डोळे या संपूर्ण प्रक्रियेत कोणीही तपासत नाही. खिडकीवर नाही, संगणकावर नाही, ट्रॅकवर नाही. पोर्टलवर ‘होय’ला टिचकी मारली की काम झालं. ब्रिटनमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होतानाच परीक्षक २० मीटरवरच्या गाडीची पाटी वाचायला लावतो. वाचता आली नाही तर परीक्षा तिथेच संपते. आपल्याकडे हेच काम नियमात अक्षरशः लिहून ठेवलंय आणि ते करायला कोणालाच नेमलेलं नाही. ट्रॅकवर उभा असलेला इन्स्पेक्टर समोरच्या रांगेतल्या गाडीकडे बोट दाखवून हे काम अर्ध्या मिनिटात करू शकतो.

२५ मीटर म्हणजे नजर किती?

इथे थोडं गणित करू, कारण ‘मला दिसतं की’ या उत्तरावर विसंबून चालत नाही. मोटारीच्या पाटीवरची अक्षरं आणि आकडे ६५ मिलिमीटर उंच आणि १० मिलिमीटर जाड असावे लागतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे सहा मीटरवर टांगलेल्या तक्त्यात ६/६ च्या, म्हणजे निर्दोष नजरेच्या, ओळीतलं अक्षर पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं (दुसरा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी). तेच अक्षर २५ मीटरवर तितकंच लहान दिसण्यासाठी साधारण ३६ मिलिमीटर उंच हवं. पाटीवरचं अक्षर त्याच्या पावणेदोन पटींहून थोडं मोठं आहे. म्हणजे हिशेब ६/१०.७ ला येतो. ६/९ नजर असलेला माणूस पाटी वाचेल, ६/१२ वाला अडखळेल.

ब्रिटनची पाटी ७९ मिलिमीटर अक्षराची आणि अंतर २० मीटर. तिथला हिशेब ६/१६ च्या आसपास येतो. आपला नियम कागदावर त्यांच्यापेक्षा कडक आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

मायनस एकचा नंबर असलेल्या माणसाची चष्म्याविना नजर साधारण ६/१८ च्या घरात असते. ‘माझा नंबर किरकोळ आहे, गाडी चालवताना लावत नाही’ असं म्हणणारे या अटीत बसत नाहीत. मायनस अर्धावाले काठावर असतात, कधी वाचतात तर कधी नाही. शहरात ताशी ४० किलोमीटरने गाडी चालवताना २५ मीटर सव्वादोन सेकंदांत संपतात. हायवेवर ताशी ६० धरले तर दीड सेकंदात.

घरच्या घरी करायची चाचणी

अर्ज भरण्याआधी ही चाचणी करावीच, आणि घाईने करू नये. खर्च शून्य आहे.

अंतर टेपने मोजा. पाच मीटरचा टेप पाच वेळा टाकला की झालं. टेप नसेल तर पाऊण मीटरचं एक पाऊल धरून ३३ पावलं, पण आधी स्वतःचं पाऊल एकदा मोजून घ्या, कारण अंदाजाने चालणाऱ्याचे २५ मीटर बहुतेक वेळा १८-२० भरतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या एकामागे एक लागलेल्या असतील तर चार मीटरच्या आतल्या सहा छोट्या गाड्या आणि वर एक मोठं पाऊल, असाही अंदाज घेता येतो.

पाटी मोटारीचीच घ्या. स्कूटरची किंवा मोटारसायकलची नको. दुचाकीच्या मागच्या पाटीवरचे आकडे ४० मिलिमीटर उंच असतात, अक्षरं त्याहूनही लहान. ती २५ मीटरवरून वाचायला जवळजवळ ६/६ नजर लागते. ती वाचता आली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. आता सगळीकडे दिसणारी उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे निळ्या रंगात ‘आयएनडी’ छापलेली उठावदार अक्षरांची, या कामाला सर्वांत योग्य, कारण तिच्यावरच्या अक्षरांची वळणं आणि अंतरं सगळीकडे एकसारखी असतात. आकड्यांतून ‘दादा’ किंवा ‘बॉस’ काढलेली पाटी चाचणीला घेऊ नका. ती तशीही नियमबाह्य आहे.

पाटी ओळखीची नको. स्वतःच्या, शेजाऱ्याच्या, रोज दिसणाऱ्या गाडीचा नंबर डोळा वाचत नाही, डोकं आठवतं. सोबत एकजण घ्या. तो पाटीजवळ उभा राहील आणि बरोबर-चूक सांगेल.

वेळ सकाळी नऊ ते दुपारी चारच्या दरम्यान. सूर्य पाठीशी असू द्या. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. दाबलेला डोळा पुढची काही मिनिटं धूसर दिसतो आणि दुसऱ्या डोळ्याची चाचणी खोटी ठरते. बोटांनी झाकाल तर फटींतून दिसतं. चष्मा असेल तर काचेवर आतून कागद धरणं सर्वांत चांगलं. डोळे बारीक करून वाचायचं नाही. पापण्या मिटत आणल्या की बारीक छिद्रातून पाहिल्यासारखं होतं आणि नंबर असूनही पाटी स्पष्ट दिसते. गाडी चालवताना सतत असे डोळे कोणी करत नाही.

प्रत्येक डोळ्याने तीन वेगवेगळ्या पाट्या वाचा. ८ आणि बी, ० आणि डी, ५ आणि एस यांत गल्लत होतेय का ते सोबतच्याने टिपून ठेवावं. तीनपैकी एका पाटीत एखादं अक्षर चुकलं तर ठीक. दोन पाट्यांत चुकलं तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या, अर्ज नंतर.

दोन्ही डोळे उघडे ठेवून पाटी छान दिसते, पण डावा झाकला की उजव्याने काहीच कळत नाही, असं या चाचणीत पहिल्यांदाच लक्षात येणारे कमी नसतात. लहानपणापासून एक डोळा मंद असला की त्याची सवय होऊन गेलेली असते. नियमात ‘प्रत्येक डोळ्याने’ असे शब्द याचसाठी आहेत. एका डोळ्याची दृष्टी गेलेल्यांसाठी नमुन्यात मर्यादित सवलत आहे : दृष्टी जाण्याआधी किमान पाच वर्षं लायसन्स असलं पाहिजे, अर्ज परिवहनेतर हलक्या मोटार वाहनासाठी हवा, आणि गाडीला स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा असला पाहिजे. ट्रक, टॅक्सी, बससाठी ही सवलत नाही.

चष्म्याचं दुकान की डोळ्यांचा डॉक्टर?

चष्म्याच्या दुकानातली मोफत तपासणी वाईट नसते. तिची मर्यादा तेवढी माहीत हवी. हनुवटी टेकवून ज्या यंत्रात दूरचं घर किंवा फुगा बघायला लावतात, ते यंत्र नंबरचा अंदाज देतं. त्या कागदावर चष्मा बनवून घेऊ नका. त्यानंतर काचा बदलत बदलत ‘हे बरं की ते बरं’ विचारणारी तपासणी झाली पाहिजे. खोली सहा मीटर लांब नसेल तर तीन मीटरवर आरसा लावून अंतर दुप्पट करतात, ते चालतं. डिजिटल पडदा असेल तर तो त्या खोलीच्या अंतराला लावून घेतलाय का, हे विचारायला हरकत नाही.

कागदावर चार नोंदी मागून घ्या : उजवा डोळा चष्म्याविना, उजवा चष्म्यासह, डावा चष्म्याविना, डावा चष्म्यासह. खाली तारीख आणि सही. बहुतेक दुकानं फक्त नंबर लिहून देतात, नजर किती भरली ते लिहीत नाहीत. लायसन्ससाठी उपयोगी असते ती नजर.

चाळिशीनंतर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जावं. त्याचं कारण नंबरप्लेटची चाचणी फक्त नजरेच्या मध्यबिंदूची असते. काचबिंदूत आधी बाजूची नजर जाते. मधली शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे असा माणूस २५ मीटरवरची पाटी खणखणीत वाचतो आणि डावीकडून येणारा सायकलवाला त्याला दिसत नाही. नमुना १ मध्ये किंवा १-अ मध्ये बाजूच्या नजरेचा प्रश्नच नाही. या नियमातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. डॉक्टरकडे डोळ्याचा दाब आणि पडदा तपासला जातो, ते दुकानात होत नाही.

मोतीबिंदूची सुरुवात दिवसा कळत नाही. रात्री समोरच्या गाडीचा दिवा पसरट दिसतो, भोवती वलय येतं आणि दिवा निघून गेल्यावरही काही क्षण रस्ता दिसत नाही. अशी तक्रार असेल तर दिवसाच्या उजेडात पाटी वाचता आली म्हणून निर्धास्त राहू नये. शस्त्रक्रिया झाली असेल तर नंबर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चष्मा त्यानंतर, आणि प्रमाणपत्र चष्म्यानंतर. मधुमेह असेल तर साखर वर-खाली होत असताना नंबरही बदलतो, तेव्हा साखर आटोक्यात असतानाच तपासणी करावी.

पडदा तपासण्यासाठी डोळ्यांत औषध घातलं की बाहुली मोठी होते आणि पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. त्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नका, आणि प्रमाणपत्राचं कामही त्या दिवशी ठेवू नका.

लाल-हिरव्याचा प्रश्न

रंग ओळखण्यात अडचण असलेल्यांना पूर्वी सरसकट अडवलं जायचं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. आता सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा लायसन्सच्या आड येत नाही, तीव्र येतो. ही माहिती अजूनही पुष्कळांपर्यंत पोचलेली नाही. काही अर्जदार घाबरून गप्प बसतात, तर काही दवाखाने जुन्या समजुतीवरच नकार देतात.

दवाखान्यात बहुधा इशिहाराचं पुस्तक दाखवतात, ठिपक्यांच्या वर्तुळात लपवलेले आकडे. पहिल्या पानावरचे १२ सगळ्यांनाच दिसतात. ते पान सूचना कळली का हे बघण्यापुरतं असतं. पुढच्या पानावर निर्दोष नजरेला ८ दिसतात, लाल-हिरव्यात दोष असेल तर ३. ७४ च्या पानावर अशा माणसाला २१ दिसतात. पुस्तक डोळ्यांपासून पाऊण मीटरवर, दिवसाच्या उजेडात धरायचं आणि प्रत्येक पानाला तीनेक सेकंद द्यायचे. पिवळ्या बल्बखाली किंवा मोबाइलच्या पडद्यावर केलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण रंगच बदललेले असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी : हे पुस्तक दोष आहे की नाही ते चांगलं सांगतं, किती आहे ते नीट सांगत नाही. आणि नव्या नियमात सगळा निवाडा ‘किती’वर आहे. म्हणून पुस्तकात अडकलेल्याने मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात डी-१५ चाचणी मागावी. रंगीत चकत्या छटेच्या क्रमाने लावायच्या असतात. सौम्य दोष असलेले बहुतेकजण ही चाचणी पार करतात, तीव्र दोष असलेल्यांचा क्रम उलटसुलट होतो. हा अहवाल सोबत असला की प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरला निर्णय घेणं सोपं जातं.

नमुना १-अ : सही कोणाची, तपासणी कोणाची?

या प्रमाणपत्रावर डॉक्टर लिहून देतो की मी या व्यक्तीला स्वतः तपासलं, आणि दूरची नजर, ऐकू येणं, हातपाय, सांधे यांकडे विशेष लक्ष दिलं. फोटो लावलेला असतो आणि सही फोटोवरून कागदावर येईल अशी करायची असते. ऑनलाइन अर्जात डॉक्टर स्वतःच्या लॉगिनमधून प्रमाणपत्र चढवतो.

रचना चांगली आहे. अंमलबजावणी डॉक्टरगणिक बदलते. नीट काम करणारा डॉक्टर तक्ता वाचायला लावतो, एकेक डोळा झाकायला सांगतो, रंगांची पानं दाखवतो, मूठ आवळायला आणि मान वळवायला लावतो. दहा-बारा मिनिटं लागतात. दुसऱ्या टोकाला, अर्जदाराला न बघताच नुसत्या आधार कार्डाच्या प्रतीवर सही मिळते. एजंटने ‘डॉक्टरचं मी बघतो, तुम्ही यायची गरज नाही’ असं म्हटलं की समजावं, हा त्यातला प्रकार आहे. असं प्रमाणपत्र घेऊ नका. ते खोटं आहे, आणि ज्या आजारामुळे तुम्ही किंवा दुसरं कोणी रस्त्यावर अपघातात सापडणार आहे, तो आजार पकडण्याची संधी त्याच कागदाने घालवलेली असते.

घरगुती डॉक्टरकडे जाणं सर्वांत उत्तम, कारण त्याला मधुमेह, रक्तदाब, फिट यांचा इतिहास माहीत असतो. नेत्रतपासणीचा चार नोंदींचा कागद त्याच्यापुढे ठेवा. बऱ्याच दवाखान्यांत सहा मीटर जागा नसते, त्यामुळे हा कागद त्यालाही हवाच असतो.

पोर्टल आणि लर्निंग

सारथीवर आधार ई-केवायसी करून लर्निंगची परीक्षा घरून देता येते. महाराष्ट्रात ही सोय जून २०२१ पासून आहे. आधार द्यायचं नसेल तर कार्यालयात वेळ घेऊन तिथल्या संगणकावर परीक्षा देता येते. पंधरा प्रश्न असतात, नऊ बरोबर यावे लागतात. मराठीचा पर्याय आहे आणि भाषांतर आता बऱ्यापैकी सुधारलंय, तरी काही चिन्हांची नावं बोलीत नसलेली येतात. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पूर्ण बघावी लागते, मध्येच सोडून पुढे जाता येत नाही.

सगळ्यांत जास्त अर्ज कुठे अडकत असतील तर स्वयंघोषणेच्या रकान्यात. फिट, चक्कर, रातांधळेपणा, बहिरेपणा या प्रश्नांना निरोगी माणसाचं उत्तर ‘नाही’ असतं. मधेच आलेल्या नंबरप्लेटच्या प्रश्नाला मात्र ‘होय’. वरून खालपर्यंत एका दमात ‘नाही’ टिचवत गेलं की नंबरप्लेट दिसत नाही असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं. पाठवण्याआधी हा एक रकाना पुन्हा वाचा. नंतर दुरुस्त करणं कटकटीचं आहे.

घरून परीक्षा देताना चेहऱ्यावर उजेड समोरून हवा. खिडकी पाठीमागे असली की कॅमेऱ्यात चेहरा काळा दिसतो आणि ओळख पटत नाही. चष्म्याच्या काचेत पडद्याचा प्रकाश चमकत असेल तर लॅपटॉप थोडा खाली घ्या. साडेतीन गुण दिलेत ते घरबसल्या काम होतं म्हणून. दीड कापलाय तो चूक झाली की कुठल्या रकान्यात झाली ते पोर्टल नीट सांगत नाही म्हणून.

शुल्क केंद्रीय नियमाप्रमाणे ठरलेलं आहे : लर्निंगला वाहनाच्या प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५०, पुढे पक्क्या लायसन्सच्या चाचणीला प्रत्येक वर्गासाठी ३०० आणि लायसन्सचे २००. स्मार्ट कार्ड आणि टपाल यांचे वेगळे. कोणी याच्या चारपट रक्कम सांगत असेल तर फरक कशाचा आहे ते कागदावर लिहून मागा.

ट्रॅक

लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर आणि लर्निंगची सहा महिन्यांची मुदत संपायच्या आत चाचणी द्यायची. गाडीची कागदपत्रं, विमा, पीयूसी चालू हवेत. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’, चौकोनाची बाजू किमान १८ सेंटिमीटर. दुचाकीला हेल्मेट. गिअर नसलेल्या स्कूटरवर चाचणी दिली तर लायसन्सही गिअर नसलेल्याच वर्गाचं मिळतं, त्यामुळे पुढे मोटारसायकल घ्यायची असेल तर आत्ताच गिअरची गाडी न्या.

आठ काढताना पाय टेकतो तो बहुतेक वेळा नजर चुकल्यामुळे. पुढच्या चाकाकडे बघणाऱ्याची गाडी आत कोसळते. नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर ठेवायची, हनुवटी त्या दिशेला फिरवायची, मागचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा आणि हाफ क्लचवर गाडी ओढायची. वळणात पुढचा ब्रेक अजिबात नको. लहान फ्रेमचा चष्मा आणि पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट एकत्र असेल तर मान वळवल्यावर फ्रेमची कड बरोबर वळणावर येते. रुंद काचेचा चष्मा घालून आधी सराव करा. प्रोग्रेसिव्ह काचांचा खालचा भाग जवळच्या वाचनाचा असतो, त्यातून जमिनीवरची रेघ धूसर दिसते. नवा असा चष्मा असेल तर चाचणीआधी दोन आठवडे तरी डोळ्यांना सवय होऊ द्या.

चारचाकीत बसल्यावर आधी सीट, मग आरसे, मग पट्टा, मग किल्ली. हाच क्रम ठेवा, कारण सीट हलवली की आरसे बिघडतात. चढावर हँडब्रेक ओढून, क्लच सोडत बॉनेट किंचित वर उचललं गेलं की मगच हँडब्रेक सोडायचा. मागे घसरणाऱ्यांत बहुतेक सगळे हँडब्रेक आधी सोडणारे असतात. एच आकारात रिव्हर्स घेताना नुसत्या कॅमेऱ्यावर अवलंबून राहू नका, दोन्ही आरसे आणि मागची काच आलटून पालटून बघा. पुण्यात चारचाकीची चाचणी नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआरच्या, म्हणजे वाहनचालक प्रशिक्षण आणि संशोधन संस्थेच्या, संगणकीय ट्रॅकवर होते. अशा ट्रॅकवर निकाल कोणाच्या मर्जीवर राहत नाही, म्हणून त्याला आमचे चार गुण. मोकळ्या मैदानात चार खांब रोवून घेतलेल्या चाचणीला ते देता येत नाहीत.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. तीनदा नापास झाल्यावर ६० दिवस थांबावं लागतं.

नूतनीकरण

तिशीच्या आत काढलेलं खासगी लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. म्हणजे अठराव्या वर्षी नंबरप्लेटला ‘होय’ म्हटलेल्या माणसाला तोच प्रश्न बावीस वर्षांनी पुन्हा विचारला जातो. या मधल्या काळात नंबर लागतो, वाढतो, कधी कधी मधुमेह होतो, आणि यंत्रणेला त्यातलं काहीच कळत नाही. तीस ते पन्नास वयात काढलेलं दहा वर्षांचं, पन्नास ते पंचावन्नमधलं साठीपर्यंतचं, आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी.

मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. संपल्यानंतर एक वर्षापर्यंत चाचणीविना नूतनीकरण होतं, त्यापुढे ट्रॅकवर पुन्हा उभं राहावं लागतं. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस गाडी चालवता यायची. ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली, संपली त्या दिवसापासून लायसन्स नाहीच. चाळिशीपुढच्यांना नूतनीकरणालाही नमुना १-अ लागतो, म्हणून नेत्रतपासणी मुदत संपायच्या तीन महिने आधी ठरवा. मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रिया, चार-सहा आठवडे, नवा चष्मा आणि डॉक्टरची सही हे सगळं तेवढ्या अवधीत बसतं.